भंडारा लावलेला व्हीसीआर

माझं जमलेलं लग्न परदेशी मेंढरांनी मोडलं, आणि माझा त्या मेंढरांवर काडीचा राग नाही. मुकी जनावरं ती. कुणीतरी हाकलली, तिकडं गेली. राग आहे तो माझ्या धाकट्या भावावर. आता त्याचे केस गेले, घरात सून आली, तरी विलास हे नाव नुसतं कानावर आलं की माझ्या हातातलं लाटणं आपोआप वर जातं.

आम्ही पणदऱ्याचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात ऊस आणि म्हशी आल्या. ही नव्वदीतली गोष्ट. मला बघायला पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि जाऊन निरोप धाडायचे, ‘पोरगी कामाची हाय, पन लई बोलती.’ मी कुठं लई बोलायचे? एकानं विचारलं, स्वयंपाक येतो का, तर मी एवढंच म्हटलं की तुमच्या पोराला काय काय येतं ते आधी कळू द्या. यात बोलण्यासारखं काय होतं? पण आईनं त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला, तो पुढं बरेच दिवस तिथंच होता.

मग इंदापूरकडचं स्थळ आलं. मुलाचं नाव संपत, लोणी देवकरला कंपनीत कामाला. (एरवी मी त्यांचं नाव घेत नाही, ‘आवो’ म्हणते. रागात असले की घेते. इथं शेवटपर्यंत घेणार आहे.) संपत, त्याचे वडील तात्या आणि एक मामा असे तिघं आले. मामा आले ते तक्क्याला टेकले आणि झोपले. तात्या संपतला म्हणाले, “काय इचारायचं असंल तर इचार.” संपत खाली मान घालून म्हणाला, “त्यास्नीच काय इचारायचं असंल तर इचारू द्या.”

अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मी विचारलं, “म्हशीची धार काढता येती का?”

“येती,” संपत म्हणाला, “पन म्हस लाथ मारती.”

“मग काय करता?”

“खातो.”

मला हा माणूस आवडला. उगाच आडपडदा कशाला, भलताच आवडला. लाथ खाऊन पुन्हा धारेला बसणारा नवरा मला तरी दुसरीकडं मिळणार नव्हता, हे माझं मला कळत होतं.

तात्यांनाही मी पसंत पडले. अडचण एकच होती. तात्या देवाचा कौल घेतल्याशिवाय शेळीसुद्धा विकायचे नाहीत. देवाच्या दगडाला भंडाऱ्यात कालवलेली ज्वारी चिकटवायची, उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. “उद्या सकाळी तुमच्याच देवळात कौल लावू. उजवा आला की सुपारी फोडू,” तात्या म्हणाले. आबा गालात हसले. आमच्या देवळाचा पुजारी त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता आणि उजवीकडचे दाणे जरा कमीच ओले करायचा. पाहुणे मुक्कामाला राहिले, म्हणजे लग्न जमल्यातच जमा होतं.

आता पाहुण्यांची संध्याकाळ कशी घालवायची? आबांनी ठरवलं, बारामतीहून कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा. आणि हे काम दिलं कुणाला, तर विलासला.

विलास तेव्हा पुण्याला चित्रकला शिकत होता. केस मानेवर, खांद्याला झोळी, आणि तोंडात असे शब्द की आई म्हणायची, “ह्याला जेवायला कुनी घालतं का न्हाय तिकडं?” आबांनी त्याला बजावलं, “एक देवाचा पिच्चर आन, एक हसायचा आन. मारामारी नको, नाचगानं नको.” तो दुधाच्या टेम्पोतून टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला. देवाचा पिक्चर नाही, हसायचा नाही. झोळीतून त्यानं एकच काळी कॅसेट काढली.

“ही काय हाय?” मी विचारलं.

“लघुपट आहेत, ताई. जगभरातले. गूढ. स्वप्नासारखे. पुण्यातसुद्धा सहज बघायला मिळत नाहीत असे.”

“मग हितं कशाला आनलंस?”

“आपल्या माणसांनी तेच तेच बघत राहायचं का? यात अर्थ शोधायचा नसतो, नुसता अनुभव घ्यायचा असतो.”

त्याच वेळी ती कॅसेट चुलीत घातली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण टेम्पो निघून गेला होता, आणि अख्खी वस्ती सतरंज्या घेऊन अंगणात येऊन बसली होती.

आमच्याकडं नवं यंत्र दाराशी आलं की, मग ते ट्रॅक्टर असो नाहीतर कडबा कापायचं मशीन, त्याला भंडारा लावायचा, नारळ फोडायचा, मगच चालू करायचं. आईचे हात पुरणात होते. म्हणून मीच ताट घेऊन गेले, व्हीसीआरला भंडाऱ्याची पाच बोटं ओढली, नारळ फोडला, पाणी त्या पेटीत जाऊ नये म्हणून बाजूला शिंपडलं. तात्या कौतुकानं बघत होते. “पोरगी रीतीभातीची हाय,” म्हणाले. मला काय माहीत, मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होते! मग मी रीतीप्रमाणं स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिले.

दिवेलागणीला पिक्चर सुरू झाला. सगळीकडं बर्फ. त्यातून एक म्हातारा पाठीवर लाकडी दार घेऊन चाललाय. चाललाय, चाललाय. बोलणं नाही, गाणं नाही. वस्तीतला एक जण म्हणाला, “दार पोचवायचंय कुठं त्याला?”

“त्येंच्याकडं ट्रॅक्टर न्हाईत व्हय?”

विलास उठून म्हणाला, “दार हे त्याचं आयुष्य आहे.”

आबा मागून म्हणाले, “खाली बस.”

म्हाताऱ्यानं शेवटी ते दार बर्फात उभं केलं, कडी वाजवली, आणि आतून तोच म्हातारा बाहेर आला. पिक्चर संपला. वस्ती जांभया द्यायला लागली. संपत तेवढा पुढं सरकून तोंड उघडं टाकून बघत होता. मी दाराच्या फटीतून त्याच्याकडं बघून मनात म्हटलं, बाबा, तू तरी शहाण्यासारखा झोप, तुझा मामा बघ कसा झोपलाय.

दुसरा पिक्चर लागला. पांढऱ्या साडीसारखं काहीतरी नेसलेली एक बाई ताटात घड्याळ घेऊन चमच्यानं खात होती. खाऊन झाल्यावर तिनं तोंड उघडलं आणि आतून कावळे उडाले. आईनं हातातलं पुरणाचं पातेलं खाली ठेवलं.

“ह्या बाईला दिष्ट लागलीय,” ती म्हणाली. “आनि लगीनघरात दिष्टीची बाई बगू ने.”

मी अडवायच्या आत तिनं मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या, अंगणात गेली, टीव्हीवरून उतरवून तिथंच शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा असा ठसका उठला की अर्धी वस्ती बांधावर पळाली, म्हशींनी दावी ओढली, आणि दुपारपासून झोपलेले मामा उठून बसले. डोळे पुसत त्यांनी टीव्हीकडं बघितलं, कावळे बघितले, आणि विचारलं, “कुनाचं दहावं हाय?”

त्यांना पुन्हा निजवेपर्यंत तिसरा पिक्चर सुरू झाला होता. यात मेंढरं होती. वस्ती बांधावरून धावत परत आली. तात्या सावरून बसले. आता जरा माणसात आल्यासारखं झालं. धुक्यातून एकामागं एक मेंढरं चालली होती. “लोकर कातरायला झालीया,” तात्या म्हणाले. “लंगडतंय ते मागचं. खूर बगा की त्याचा कुनीतरी.” मलाही जरा हायसं वाटलं. मेंढरं चालत चालत टीव्हीच्या डाव्या अंगाला गेली. तिथं नुसतंच एक दार उभं होतं, घर नाही, भिंत नाही. त्यातून एकेक मेंढरू आत गेलं. आणि सगळ्यात शेवटी, अंगभर पांढरं ल्यालेली, तोंडावरून जाळी सोडलेली एक नवरी आली. तीही डावीकडं गेली. दार लागलं. मागं धुकं राहिलं.

तात्या उभे राहिले. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि टीव्हीला हात जोडले.

“झाला कौल,” ते म्हणाले. “डावा.”

आबा दचकले. “कसला कौल? आवो, पिच्चर हाय त्यो.”

“मेंढरं गेली, नवरी गेली, दार लागलं. आनखी काय सांगायचं देवानं?”

“त्या पेटीत देव कुठनं आला?”

“भंडारा लावलाय, नारळ फोडलाय. न्हाय यील तर जाईल कुठं? आनि तुमच्याच पोरीनं लावलाय, आमच्या डोळ्यादेखत.”

सगळ्या वस्तीनं मी उभी होते त्या दाराकडं बघितलं. आबांनी बुद्धी लढवली. “आवो तात्या, आपली डावी म्हंजी देवाची उजवी.”

“देवळात कौल आपन कुठनं बगतो? म्होरनंच ना? मग हितं का फिरवताय?” तात्या गुरकावले नाहीत, हेच वाईट होतं. शांतपणे त्यांनी मामांना हलवलं. “उठा. सकाळी पहिल्या एसटीनं निगायचं. देवळात जायाचं काम न्हाय आता.”

आणि त्या वेळी माझा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला, ज्याचं दप्तर मी वाहिलं, तो आनंदानं म्हणाला, “बघा आबा! यांना पिक्चर कळला. पुण्यातसुद्धा कुणाला इतका भिडला नव्हता!”

त्यानंतर दाराआड उभं राहणं माझ्याच्यानं झालं नाही. पदर खोचला आणि अंगणात आले. नवऱ्या मुलीनं मुक्कामाच्या पाहुण्यांसमोर असं यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. जे मोडलंच होतं ते आणखी काय मोडणार होतं?

“विल्या,” मी म्हटलं, “तुला देवाचा पिच्चर आनायला सांगितला होता. ही कावळं वकनारी बाई तुझ्या लग्नात लाव. माझ्या कशाला?”

“ताई, कलेत असा राग—”

“कलेच्या आयला! बंद कर ते.”

त्यानं केलं नाही. म्हणून मीच व्हीसीआरच्या अंगावर गेले आणि राग होता तेवढ्या जोरानं दिसलं ते बटण दाबून धरलं. ते बंद करायचं नव्हतं. टीव्हीवर आडव्या रेघा आल्या आणि लागलेलं दार उघडलं. नवरी बाहेर आली. उलटी चालत, उजवीकडं. तिच्या मागं मेंढरं, एकामागं एक, उलट्या पावलानं, लगबगीनं, सगळी उजवीकडं. लंगडणारंसुद्धा.

“थांबा,” तात्या म्हणाले. मामांना अर्धवट उठवलं होतं, तसंच त्यांनी सोडून दिलं. “ही उलटी का चालत्यात?”

विलास पुढं झाला. “त्याचं असं आहे तात्या, टेप मागं—”

मी एक पाय त्याच्या पायावर ठेवला आणि सगळं वजन त्याच्यावर टाकलं. बटणावरचं बोट मात्र सोडलं नाही. तोंड आपोआप चाललं. ते माझं कधी माझ्या परवानगीनं चाललंय?

“तात्या, देवाचं दर्शन झाल्यावर आपन गाभाऱ्यातनं कसं निगतो? देवाला पाठ दावतो का?”

तात्यांची मान हलली. “न्हाय. मागंमागं येतो.”

“मग? नवरी दर्शनाला गेली हुती. आली की माघारी. तुमास्नी दम कुठं हाय? दर्शन अर्ध्यावर असताना उठून वहाना घालाया निगालाव.”

“व्हय की,” तात्या म्हणाले, आणि पुन्हा हात जोडले. “मेंढरंबी पाठ दावंनात. उजवा हाय. आनि पळत निगाल्यात बगा. उरकून घ्या म्हनतोय.”

शेवटचं मेंढरू उजवीकडं धुक्यात गेलं आणि लाईट गेली. ती रोजच त्या सुमाराला जायची. पण तात्या अंधारात म्हणाले, “झालं. देव गेला. आबा, सुपारी काडा.” कंदिलाच्या उजेडात माझं लग्न पुन्हा जमलं.

त्या गडबडीत कुणीतरी माझ्याशेजारी येऊन उभं राहिलं. संपत. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार.

“त्या म्हाताऱ्यानं,” तो हळूच म्हणाला, “पुन्ना दार उचलून न्हेलं आसंल का?”

मी कपाळाला हात लावला. आईचा जिथं असायचा तिथंच.

एवढ्यावर सुटले असते तरी चाललं असतं. पण तात्या हट्टाला पेटले, “लग्नाचं शूटिंग त्याच पोरानं करायचं. त्याच्या हाताला गुन हाय.” विलासनं ते केलं. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये एक रिकामी खुर्ची आहे, भाताच्या पातेल्याची वाफ आहे, शेळीचा एक डोळा आहे, आंतरपाटाची नुसतीच किनार आहे. अक्षता आहेत, पण ज्यांच्यावर पडल्या ती माणसं नाहीत. तात्या होते तोवर दर दसऱ्याला ती लावून सगळ्या घराला अर्थ सांगायचे: शेळीचा डोळा म्हणजे यंदा पाऊस कसा, वाफ म्हणजे उसाला भाव कसा.

मी त्यात एकदाच दिसते. कमरेवर हात, तोंड उघडं, कॅमेऱ्यावर धावून येताना. शेळी सोडून नवरीकडं बघ, हे विलासला सांगताना. तेवढा भाग आला की तात्या अर्थ सांगायला तोंड उघडायचे. संपत म्हणायचा, “ह्याचा अर्थ सांगू नगा तात्या, ह्यो एवढाच पिच्चर आमाला रोज कळतो.”