उलटा हात

आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी एक वर्ग भरतो. चुंबकाने एकमेकांना चिकटणारे छोटे ठोकळे असतात. एकात बॅटरी, एकात दिवा, एकात घंटी. ते जोडत जोडत आपलं उपकरण तयार करायचं. शिकवणारी मृणाल माझ्या मुलीच्या वयाची आहे.

काल माझ्या शेजारी सावंतकाका होते. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. बॅटरीचा ठोकळा उचलण्याआधी त्यांनी त्याला उलट्या हाताने हलकेच स्पर्श केला.

"काका, याचा शॉक बसत नाही," मृणाल हसत म्हणाली.

"मला माहीत आहे गं. हाताला कुठे माहीत आहे? सरळ हाताने धरलं आणि करंट असला, तर मूठ आवळते. मग सुटत नाही."

मी विचारात पडले. गणित काय, इंग्रजी बोलणं काय, सासरचं घर काय, मीही सगळं आधी उलट्या हाताने चाचपूनच शिकले. इथे ठोकळा चुकीचा लावला तर तो नुसता मागे सरतो. ना धूर, ना ओरडा. मला तर थोडा रागच आला. शिकणं इतकं सोपं असू शकत होतं, तर तेव्हा का नव्हतं?

तेवढ्यात काकांचा दिवा लागला. त्यांनी ती पेटलेली जोडी तळहातावर घेतली आणि हळूहळू मूठ मिटली. बोटांच्या फटींतून लाल उजेड झिरपू लागला.

वर्ग संपला, मृणाल ठोकळे गोळा करत आली, तरी काकांची मूठ काही सुटेना.