फरशीचं छत

बाळांनो, पुढच्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. थोरलीने फोनवर विचारलं होतं, "आजी, गरिबी मोजतात कशी?" मी एकदा मोजताना पाहिली आहे.

राज्याचं नाव तेव्हा नुकतंच कर्नाटक झालं होतं. तुमच्या आजोबांची शाळेतली नोकरी गुलबर्ग्याकडच्या एका फरशीच्या खाणींच्या गावात होती. शेजारी निर्णा नावाच्या खेड्यातून मजुरीला आलेलं मराठी कुटुंब राहायचं. नवरा खाणीत, मुलगी सातवीला. गावात पुढचे वर्ग नव्हते. गरिबांच्या यादीत नाव आलं, तरच तिला तालुक्याच्या वसतिगृहात फुकट जागा मिळणार होती.

पाहणीला म्हैसूरकडचा एक तरुण आला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. सरकारी माणूस घरी येणार, म्हणून शेजारणीने जमीन धुऊन लख्ख केली होती.

"घर पक्कं आहे का विचारतात," मी म्हटलं.

"पक्कंच की. खाली फरशी, वर बी फरशी. खाणीतली तुटकी, ती कोण घेतंय? कुडाला पैसे पडतेत अक्का, दगड फुकट हाय."

गावात विहीर आहे? व्हय. ती उन्हाळ्यात आटते का, हे त्याने विचारलं नाही. मुलगी शाळेत जाते? व्हय. कोणी अंथरुणाला खिळलंय? न्हाई. नवरा दगडाच्या धुळीने रात्रभर खोकायचा, पण त्या वेळी कामावर गेला होता. प्रत्येक उत्तराला गुण पडत गेले, आणि गुण जास्त तो गरीब नव्हे.

मी त्या तरुणाला इंग्रजीत सगळं समजावलं. त्याने अदबीने ऐकून घेतलं. म्हणाला, "अम्मा, तुमचं खरं आहे. पण छत दगडी आहे, एवढंच मला लिहिता येतं."

यादी लागली तेव्हा शेजारीण हसली. "म्हंजी आमी सावकार झालाव की." मग हळूच म्हणाली, "पोरीला काय सांगू, अक्का?"

मी त्याच रात्री आजोबांना सगळं सांगितलं. आजोबा तालुक्याला जाऊन आले, तर यादी वरच्या कचेरीत गेली, आता बदलत नाही, म्हणाले. जूनमध्ये ती मुलगी आईबरोबर खाणीवर जाऊ लागली. जाताना आमच्या दाराकडे बघायची नाही.

पुढे तिचे वडील गेले, मग खाणही बंद पडली. घर अजून उभं आहे. छत गळत नाही.