सुमनच्या शेजारची जागा

सन २०२२, ऐन उन्हाळा. मे महिन्यात मी चर्चच्या पाळकपणातून निवृत्त झालो. एकाच मंडळीत आयुष्य गेलं की किस्से साठतात. लोकांना वाटतं, पाळकाकडं नुसते आशीर्वादच साठत असतील.

*

मी वेरूळकडचा, सातवी शिकलेला. इथल्या चर्चमध्ये पहिला संदेश दिला, तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी त्रिभुवन सर दारात उभे होते. शाळामास्तर माणूस. हात हातात घेऊन म्हणाले, "छान झाला. आटोपशीर. शिक्षण कमी असलं की हा एक फायदा असतो."

*

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी मी आणि माझी बायको सुमन तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. जन्मभर मी समोर उभा असायचो, त्यामुळं बसायची सवय नव्हती. आमच्या चर्चमध्ये बाकांवर नावं नाहीत, पण कोणतं बाक कोणाचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्रिभुवन सर आले.

"साहेब, इथं आमचे जावई बसतात."

"ते तर पुण्याला असतात ना?"

"नाताळला येतात."

मे महिना होता. आम्ही उठलो आणि मागं दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसलो. सुमन म्हणाली, "इथं हवा बरी येते."

*

दाराबाहेर कडुनिंबाखाली बाबूराव बसायचा. गवंडी. प्रभुभोजनाच्या विधीला पिऊन आला, म्हणून मी भर उपासनेत त्याचं नाव मंडळीतून काढलं होतं. योग्यच केलं होतं, आजही तेच करीन.

तेव्हा तो एवढंच बोलला होता, "नाव काढा, साहेब. ही मागची भित मी बांधलीय. ती कशी काढता?"

पण रविवार चुकवत नव्हता. आत ये म्हटलं की म्हणायचा, "सुटली की येतो." सुटली नाही. मी दाराच्या आत, तो दाराच्या बाहेर. गाणी दोघांनाही सारखीच ऐकू यायची.

*

पुढच्या उन्हाळ्यात सुमन गेली. आमच्यात कबर मजुराकडून खोदत नाहीत, मंडळीतले पुरुष खोदतात. त्यांच्या घरच्या प्रत्येक कबरीवर मी उभा राहिलो होतो. त्या दिवशी खोदायला कोणी आलं नाही, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं मात्र भरपूर आली. त्रिभुवन सरांचा फोन आला, "ऊन लई आहे, साहेब. एखादा मजूर बघा की."

मी कबरस्तानात गेलो. बाबूराव एकटाच कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. खाली नुसता मुरूम, सब्बल मारली की ठिणगी उडत होती.

"पिऊन आलास का?"

"बाईंच्या कामाला पिऊन येईन व्हय?"

आमच्यात नवराबायकोतलं एक गेलं की शेजारची जागा दुसऱ्यासाठी सोडतात. बाबूरावानं चार दगड मांडून ती आखली. "ही तुमची. मोकळी ठिवलीय," म्हणाला. पाणी पिऊन निघून गेला.

*

यंदा थंडीत बाबूराव वारला. त्याचा मुलगा कबरीची जागा मागायला मंडळीच्या कमिटीकडं आला. मलाही बोलावलं होतं.

त्रिभुवन सर म्हणाले, "कबरस्तान सभासदांचं आहे. याचं नाव तर साहेबांनीच काढलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"व्हय, मीच काढलं," मी म्हणालो. "ते तसंच राहू द्या. त्याला माझ्या जागेत ठेवा."

"सुमनताईंच्या शेजारी? परका माणूस?"

"जागा माझी आहे."

"आणि उद्या तुम्हाला कुठं ठेवायचं?"

"तुमचे जावई नाताळलाच येतात. बाक रिकामंच असतं."

मी उठलो आणि बाबूरावाच्या मुलाला घेऊन कबरस्तानात गेलो. तिथं कोट काढून त्याच्याकडं दिला आणि त्याच्या हातातली सब्बल घेतली. बाबूरावानं मांडलेले चार दगड बाजूला केले.

कबर मी खोदली.