धूम्रारिष्टाच्या अठरा बाटल्या

आमच्या विहीणबाईंना मी घरी केलेली काळी बिअर औषध म्हणून दिली, आणि तीही लेखी.

'लेखी' या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तोंडी खोटे माणूस कालांतराने विसरतो. लेखी खोटे मात्र सुवाच्य अक्षरात बाटलीला चिकटून राहते. आणि माझे अक्षर फारच सुवाच्य आहे. नववीत मी शाळेला निरोप दिला (शाळेचे म्हणणे नेमके उलट आहे), त्यानंतर सांगलीच्या कचेरीबाहेर टेबल मांडून वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. पुढे पत्नीला सिंगापुरात हिशेबनिसाची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो, तरी लेखणी थांबली नाही. पाया लेबारच्या आमच्या ब्लॉकमध्ये कोणाचे छत गळो, कोणाच्या मुलाचा शाळेतला प्रवेश अडो, मराठी माणूस प्रथम माझ्याकडेच येतो. (नंतर तो गुपचूप दुसऱ्या कोणाकडे जातो, असे माझी पत्नी वासंती म्हणते. तिच्याकडे लेखी पुरावा नाही.)

गोष्ट अगदी अलीकडची. मुलगी तन्वी, जावई रोहित, आम्ही उभयता आणि तीन महिन्यांचा नातू असे पाच जण एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो. रोहित तांजोंग पगारच्या एका बँकेत संगणकाचे काही गहन काम करतो. त्याला छंद जडला घरी बिअर करण्याचा. घरच्यापुरती बिअर करण्यास इथे परवानगी आहे, फक्त विकायची नाही. तेव्हा कायद्याच्या बाजूने मी निश्चिंत होतो. त्या शनिवारी त्याने काळ्या बिअरचा घाट घातला. जवाला मोड आणून तो वाळवायचा, म्हणजे झाले मॉल्ट. आणि हा मोड लाकडाच्या धुरावर वाळवला, की झाले धुरी दिलेले मॉल्ट. त्याची दोन किलोंची पिशवी त्याने जर्मनीहून मागवली होती. ती उघडताच घरभर असा वास सुटला, की वासंती बाल्कनीतून ओरडली, "अहो, कोणाचं घर पेटलंय?"

"बाबा," रोहित तराजू पुढ्यात घेऊन म्हणाला, "यातलं फक्त अर्धा किलो. धूर मागून हळूच जाणवला पाहिजे."

इतक्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो आत गेला. मी त्या अर्ध्या किलोकडे पाहिले. पातेले केवढे, आणि हे केवढेसे! वांगे नुसते आचेला दाखवून भरीत होते काय? ते चांगले काळेठिक्कर होईस्तोवर भाजावे लागते. एका होतकरू तरुणाचा हात केवळ संकोचापायी आखडला आहे, असे माझे प्रामाणिक मत झाले, आणि मी संपूर्ण पिशवी पातेल्यात रिकामी केली. पुढे बाटल्या भरताना फेस धरावा म्हणून प्रत्येकीत चिमूटभर साखर घालण्याचे कामही माझ्याचकडे आले. माझी चिमूट मूळची सढळ!

तीन आठवड्यांनी रोहितने पहिला घोट घेतला. त्याने ग्लास खाली ठेवला.

"कशी आहे?" मी विचारले.

"बाबा, तुम्ही किती घातलं होतं?"

"मोजकंच."

"ही बिअर नाही, बाबा. ही होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख आहे. फेसासकट!"

मुद्दा राखेचा नव्हता. मुद्दा असा, की दुसऱ्याच दिवशी रोहितच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई, पुण्याहून येणार होत्या. तन्वीची रजा संपत आली होती. विहीणबाई वर्षभर राहून नातवाला सांभाळणार, म्हणूनच ती पुन्हा कामावर जाऊ शकणार होती. त्या न राहिल्या तर तिला नोकरी सोडावी लागणार, हे ठरल्यासारखेच होते. (मी दिवसभर घरीच असतो. परंतु बाळ माझ्याकडे सोपवावे असे एकालाही सुचले नाही, आणि मीही आपण होऊन कोणाला सुचवले नाही.) आणि दारूच्या बाबतीत विहीणबाई म्हणजे साक्षात निखारा! सख्ख्या भावाच्या वास्तुशांतीला पाहुण्यांच्या हातात ग्लास दिसले, तेव्हा त्या भरल्या पानावरून उठून थेट एस.टी.त जाऊन बसल्या होत्या.

"सगळं ओतून टाका," तन्वी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"ओततो," रोहित म्हणाला. "पण आई उद्या येतेय, आणि मोरीत ओतलं तर वास आठवडाभर जाणार नाही. आठवड्याने सावकाश विल्हेवाट लावू."

म्हणून एकोणीस बाटल्या आम्ही बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवल्या. इथल्या सरकारने युद्धाच्या भीतीने प्रत्येक फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली बांधून दिली आहे. तिच्यात मराठी माणूस तांदूळ, पापड आणि चकलीचा सोऱ्या ठेवतो. विहीणबाई आल्या, बाळाला छातीशी घेतले, बॅगेतून गोडा मसाल्याचे चार डबे काढले आणि विचारले, "हे कुठे ठेवू?" कोणी काही म्हणण्याआधीच त्या शेल्टरच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. त्याच क्षणी, माझ्या सढळ चिमटीच्या कृपेने, आतली एक बाटली फुटली. आवाज असा झाला, की त्या खोलीचा सरकारी उद्देश सफल झाला!

दार उघडले. जमिनीवर काळा पूर. भिंतीशी अठरा काळ्याभोर बाटल्या. आणि धुराचा वास.

"हे काय आहे?" विहीणबाईंनी विचारले.

रोहित पांढरा पडला. तन्वीने डोळे मिटले. अशा प्रसंगी पुढाकार घेणे हा माझा स्वभाव आहे.

"अरिष्ट आहे," मी म्हणालो. "माझ्या गुडघ्यांसाठी."

"कोणतं अरिष्ट?"

"धूम्रारिष्ट."

"कधी ऐकलं नाही." इथे सांगितले पाहिजे, की विहीणबाईंनी ससूनसारख्या मोठ्या दवाखान्यांत नव्हे, परंतु एका प्रसूतिगृहात तीस वर्षे परिचारिका म्हणून काढली होती, आणि औषधांची नावे त्यांना नातेवाइकांच्या नावांपेक्षा अधिक पाठ होती.

"दुर्मिळ आहे. सांगलीकडचे एक वैद्य देतात."

"मग बाटल्यांवर नाव नको? मात्रा नको? भाऊसाहेब, बिननावाचं औषध मी घरात ठेवू देत नाही. घरात लहान मूल आहे."

यावर दुसरा कोणीही गप्प बसला असता. मला मात्र लेखणीचे आव्हान मिळाले होते. तासाभरात अठरा चिठ्ठ्या तयार झाल्या: 'धूम्रारिष्ट. वातनाशक व बलवर्धक. दोन चमचे, दोन वेळा. वैद्यांच्या सल्ल्यानेच घेणे.' खाली दुहेरी रेघ. विहीणबाईंनी एक चिठ्ठी दोनदा वाचली. "अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. मी फुललो. वासंती आत जाऊन कपाळावर हात मारून आली.

त्यातल्या 'बलवर्धक' या शब्दाने घात केला. संध्याकाळी जेवताना विहीणबाई बाटली आणि चमचा घेऊन आल्या.

"तन्वी, तोंड उघड. बाळंतिणीला अरिष्ट हवंच."

तन्वीने ओठ मिटून माझ्याकडे असे पाहिले, की मला तिचे बालपण आठवले. अंगावर पाजणाऱ्या पोरीला बिअर! झाकण निघाले. फस्स्स!

"औषधाला फेस कसा?"

"ताजं आहे!" मी म्हणालो. "पण तन्वीला नको. हे... हे फक्त पुरुषांसाठी आहे."

"तसं लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं!"

चमचा तन्वीच्या ओठांपाशी पोचला, तोच रोहितने मान मध्ये घालून तो गट्ट केला. "मला सर्दी आहे, आई!" म्हणाला, आणि खोकत खोकत बाथरूमकडे धावला. विहीणबाईंनी शांतपणे दुसरा चमचा भरला, त्याचा वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि बाटली बंद केली.

"उग्र आहे," एवढेच म्हणाल्या. "पोरीला नको."

मी सुटकेचा असा निःश्वास टाकला, की ताटातला पापड हलला.

परंतु दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी शेजारच्या चिनी आंटी लंगडताना दिसल्या, आणि विहीणबाईंनी खुणांनी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करून माझ्या अक्षरातली एक बाटली त्यांच्या हवाली केली. मी घरी नव्हतो. आल्यावर कळले, तेव्हा बाटली परत आणण्यासाठी मी चपला न घालता निघालो. पण आंटींच्या दाराला कुलूप! तो दिवस मी कसा काढला, हे माझे मलाच ठाऊक. सबंध दुपार मी एका निवेदनाचा मसुदा करत होतो. 'सदर द्रव पदार्थाशी अर्जदाराचा संबंध अल्प असून' येथपर्यंत पोचलो आणि अडलो.

संध्याकाळी घंटा वाजली. आंटी दारात! हातात झाकलेला डबा, चेहऱ्यावर पौर्णिमा.

"अंकल! युअर मेडिसिन सो शिओक, लाह!" त्या आनंदाने ओरडल्या. ('शिओक' म्हणजे इथल्या बोलीत झकास.) "आय पुट इन द पोर्क रिब्स. स्मोकी, स्मोकी! माय हजबंड ईट टू प्लेट!"

गुडघा तसाच दुखत होता; औषध मात्र बरगड्यांना लागू पडले होते. मी हात जोडून दार लोटू लागलो.

"वेट, वेट. माय हजबंड से, दिस वन नॉट मेडिसिन. दिस वन बिअर, राइट? यू सेलिंग ऑर नॉट?"

विहीणबाई माझ्या मागे उभ्या होत्या. 'बिअर' हा शब्द कळायला कोणतीही भाषा यावी लागत नाही.

आंटी डबा ठेवून गेल्या. (त्यात त्यांनी खास आमच्यासाठी केलेली शाकाहारी शेवई होती, पण कोणाला भूक होती?) दिवाणखान्यात सगळे उभे. विहीणबाई आत गेल्या आणि बॅग घेऊन बाहेर आल्या. तन्वीचे डोळे भरले.

मी पुढे झालो. आयुष्यात प्रथमच, मसुद्याशिवाय बोललो.

"विहीणबाई, रोहितने अर्धा किलोच काढलं होतं. सगळी पिशवी मी ओतली. खोटं मी बोललो, चिठ्ठ्याही मीच लिहिल्या. तन्वीला यातलं काही नको होतं. जायचंच असेल तर मला घालवा, तुम्ही राहा."

"जाणार कोण?" त्या म्हणाल्या आणि बॅगेतून चष्म्याचे घर काढले. "चष्मा शोधतेय. ती चिठ्ठी मला पुन्हा एकदा वाचायची आहे."

"म्हणजे... तुम्हाला राग नाही?"

"भाऊसाहेब, तीस वर्षं मी वॉर्डाच्या दारात उभी राहून पोरींच्या नवऱ्यांची तोंडं हुंगली आहेत. दारू मला जिन्यावरून कळते. काल पोरीपुढे चमचा धरला, तो तुम्ही कधी खरं बोलता ते बघायला. ती तोंड उघडती, तर मीच हात मागे घेतला असता. शेजारणीला बाटली दिली, तीही त्याचसाठी."

"आई, मग तू थांबलीस कशी?" रोहितने चाचरत विचारले.

"चाखलं म्हणून! पिण्यासारखं असतं, तर कालच विमान गाठलं असतं. पण हे असलं प्यायल्यावर माणूस जन्मात बिअरचं नाव काढायचा नाही. माझ्या बोलण्याने जे झालं नसतं, ते तुझ्या सासऱ्याने एका पिशवीत केलं."

रोहितने मान डोलावली. त्याने खरोखरच छंद सोडला होता. हल्ली तो पाव भाजतो. तन्वी हसता हसता रडली, की रडता रडता हसली, ते मी नीट पाहिले नाही, कारण माझा स्वतःचा चष्मा ओला झाला होता. सोमवारी ती कामावर गेली.

विहीणबाई राहिल्या. फक्त एक अट घातली: जे औषध म्हणून लिहून दिले, ते लिहून देणाऱ्याने औषधासारखेच घ्यायचे. दोन चमचे, दोन वेळा, त्यांच्यासमोर. उघडलेल्या बाटलीतला फेस दुसऱ्या दिवशी मरतो. धूर मरत नाही. माझ्या हिशेबाने शेवटची बाटली संपेल, तेव्हा नातू चालू लागलेला असेल.

रोज सकाळी आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवले जाते. आधी त्याला जीवनसत्त्वाचे थेंब, मग मला माझे दोन चमचे. तो तोंड वाकडे करत नाही, आणि विहीणबाई मला त्याचे उदाहरण देतात.