गडहिंग्लजची तीन बिलं

राज्याच्या सीमेलगतच्या वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. त्यांच्यावर साड्या होतात. त्यांचा हिशेब आणि जीएसटीचं काम एक वयस्कर गृहस्थ वर्षानुवर्षं बघत होते. उन्हाळ्यात ते मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. नवीन माणूस मिळेपर्यंत बिलं मी लिहीत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.कॉम.चं दुसरं वर्ष, म्हणजे मला हे सगळं येणारच, असं माझ्या वडिलांनी, आप्पांनी धरून ठेवलं होतं. मला किती येत नाही हे त्यांना सांगायचं मला कधी जमलं नाही.

तिमाहीचं विवरण सरकारकडे भरायला आठवडा उरला तेव्हा आप्पा म्हणाले, "आता माणूस बघू या. तू संगं चल. इंग्रजीत काय बोलला तर मला कळायचं न्हाय."

पहिल्या माणसाचं ऑफिस शहरात एका नव्या इमारतीत होतं. गार हवा, काचेचं टेबल. मी बिलांची फाईल पुढे केली. त्याने पानं भराभर उलटली, सगळं ओके आहे म्हणाला, दोन दिवसांत भरून टाकतो म्हणाला. जीएसटीच्या खात्याला आमच्याऐवजी त्याचा मोबाईल नंबर लावू या, म्हणजे ओटीपी आणि नोटिसा परस्पर त्याच्याकडेच येतील, आम्हाला त्रास नको, असंही त्याने सुचवलं. आप्पांचा चेहरा एकदम सैल झाला. मला मात्र ते नंबरचं पटेना. आपल्या धंद्याला आलेली नोटीस आपल्यालाच दिसणार नाही, हे कसं? पण एवढ्या मोठ्या माणसाला तसं तोंडावर विचारायचं धाडस झालं नाही. शेवटी मी एवढंच म्हणाले, "उद्या सांगतो आम्ही."

जिन्यात आप्पा चिडले. चांगला माणूस होता, थांबवलंस कशाला, म्हणाले.  अजून एक ठिकाण बघू या, एवढंच मी म्हणत राहिले.

दुसरं ठिकाण खासबागेत पिठाच्या गिरणीवर होतं. तिथल्या करसल्लागार मॅडम माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं काम बघतात. त्यांची बोली कन्नड. मराठी बोलतात, पण शोधून शोधून. खालच्या गिरणीने टेबल थरथरत होतं. त्यांनी चहा विचारला नाही. प्रत्येक बिलावर बोट ठेवून वाचत गेल्या. त्यात वीसेक मिनिटं गेली. मग त्यांनी तीन बिलं बाजूला काढली.

"हे कोण लिहिलं?"

अक्षर माझं होतं. मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

ती तिन्ही बिलं गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याची होती. आमच्या निम्म्याहून जास्त साड्या तोच घेतो. राज्यातल्या गिऱ्हाइकाला बिलात कराचे दोन भाग दाखवायचे, एक केंद्राचा, एक राज्याचा. परराज्यातल्याला एकच कर, एका ओळीत. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. सुरतेहून येणाऱ्या सुताच्या बिलात रोज बघत होते. पण आमची आत्या गडहिंग्लजला दिली आहे. संकेश्वरात बस बदलली की तिचं घर. तिथे तीच भाषा, तीच भाकरी. परराज्य म्हटलं की आमच्या घरात सुरत आठवते. आमचं वडगाव कन्नड राज्यात आणि गडहिंग्लज सीमेपलीकडच्या मराठी राज्यात, हे डोक्यातच आलं नाही; तिन्ही बिलांत कराचे दोन भाग लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नव्हता.

मॅडमनी सरळ सांगितलं. हे असंच भरलं असतं तर त्या व्यापाऱ्याला कराची वजावट मिळाली नसती, आणि पुढे नोटीस आमच्या दारात. अजून भरलेलं नाही, म्हणून बिलं बदलता येतील. पण व्यापाऱ्याला आधी कळवायला हवं.

"फोन तू करायचं," त्या म्हणाल्या. "मी नाही, आप्पा पण नाही. चूक तुझं आहे."

माझ्या कानात गिरणीचाच आवाज राहिला. व्यापारी म्हणेल, एवढं समजत नाही तर तुमचा माल नको. मग चारातले दोन माग तरी बंद. आणि ते माझ्यामुळे, शिकलेल्या मुलीमुळे. आप्पांकडे बघायची छाती होईना.

रस्त्यावर आल्यावर आप्पांनी फाईल माझ्या हातून घेऊन काखेत मारली. मग म्हणाले, "त्या काचवाल्यानं पण हीच तीन बिलं बघितली की गं."

मी मान हलवली.

"आन् ओके म्हणाला." ते थांबले. "काम ह्या बाईलाच देऊ या. नंबर आपलाच राहू दे." दोन पावलांनी पुन्हा म्हणाले, "तुझ्या आत्याला कळव, परराज्यात दिलीया म्हणून."

मला हसू आलं नाही.

फोन मी मागांच्या खोलीबाहेर उभी राहून केला. काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं, तरी दोनदा चुकले. व्यापाऱ्याने ऐकून घेतलं आणि हिशेबवाल्याला विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. मी कॉलेजला गेले, वर्गात बसले, काही कळलं नाही. घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच कान देऊन ऐकायचे, चारही माग चालू आहेत ना.

तिसऱ्या दिवशी फोन आप्पांना आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"काय गं," पलीकडून आवाज आला, "आम्हाला परकं केलंस व्हय?"

मी वही उघडून पेन काढलं.

"नवीन बिलं पाठव. आन् पुढच्या खेपेच्या मालाला उशीर करू नका म्हणावं आप्पास्नी."

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि या महिन्याची बिलं पुढच्या महिन्याच्या एक तारखेलाच आणायला सांगितली. आता बिलात गावाचं नाव लिहिलं की माझं पेन थांबतं. निपाणी लिहिलं तरी थांबतं. निपाणी आपल्याच राज्यात आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मॅडमना फोन करून एकदा विचारते. त्या अजून चिडलेल्या नाहीत.