हुंड्यातला कॉम्प्युटर

माझ्या लग्नात हुंडा घेतला नाही, असं माझ्या सासरचे लोक आजही चारचौघांत अभिमानानं सांगतात. ऐकलं की मला शिसारी येते. हुंडा घेतला नाही हे खरंच आहे. कॉम्प्युटर घेतला.

तेव्हा परभणीत कॉम्प्युटर शिकवणारे क्लास एका हाताच्या बोटांवर मोजता यायचे आणि त्यातल्या एकात मी शिकवत होते. बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची. क्लासचे सर मशीन स्वतः जोडायचे, मी शेजारी बसून बघायचे, आणि बघता बघता मलाही जोडता यायला लागलं. अशात जिंतूरचं स्थळ आलं. मुलगा डिप्लोमा इंजिनियर, नोकरी नाही. बैठकीत त्याचे वडील माझ्या वडिलांना म्हणाले, "हुंडाबिंडा काई नको, आमी तसले न्हाईत. पोराला एक कॉम्प्युटर तेवढा द्या. दोघं मिळून जिंतुरात क्लास काढतेल."

मी आतून ऐकत होते. खोटं कशाला सांगू, 'क्लास' म्हटल्यावर मला आनंद झाला. मुलगा तोवर मान खाली घालून बसला होता. तो एवढंच बोलला, "रंगीत पायजे. गेम चालले पायजेत."

हेही मी ऐकलं होतं. पण आपल्याला हवं तेवढंच माणूस कानात ठेवतो.

आमच्याकडे मुलीचा संसार नातेवाइकांनी वाटून द्यायची रीत. कपाट मामाचं, पलंग काकाचा, मिक्सर आत्याचा. माझे वडील शाळेत कारकून. त्यांनी कॉम्प्युटरही तसाच वाटून टाकला. डबा, बोर्ड आणि डिस्क आपली, मॉनिटर मामाचा, मेमरी काकाची, कीबोर्ड आत्याचा. कुठलीही गादी कुठल्याही पलंगावर पसरता येते, इथं तसं चालत नाही, एक चुकला की सगळे चुकतात, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. कार्बन लावून यादी केली, कुठला भाग, कसली पिन, किती नग. यादी सगळ्यांनी घडी घालून खिशात ठेवली. वाचली एकानंही नाही. पोरीनं लिहिलेली यादी काय वाचायची!

सोनपेठच्या मामानं हैदराबादेहून मॉनिटर आणला. मोठाच्या मोठा, पण जुन्या पद्धतीचा. त्याच्या वायरीला नऊ पिना आणि ती जिथं खुपसायची त्या डब्यातल्या आमच्या कार्डाला पंधरा छिद्रं. मी वायर पुढे धरून दाखवली तर मामा म्हणाला, "अगं, पडदा बघ की केवढा हाय! मांडवात लोकाला दिसाय नको का?"

झरीच्या काकाला मेमरीच्या सारख्या दोन पट्ट्या लिहून दिल्या होत्या, कारण त्या बोर्डाला पट्ट्या जोडीनंच लागायच्या. काकानं एक आणली. "दोन बारक्या घेण्यापरीस एक मोठी घेतली," असं म्हणून त्यानं सगळ्यांकडे शाबासकीसाठी बघितलं आणि सगळ्यांनी ती दिलीही. आत्याच्या यजमानांनी त्यांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला कीबोर्ड आणला. त्याच्या बटणांच्या फटीत कुणा कारकुनाच्या तंबाखूचा भुगा होता. मी नाक मुरडलं तर आत्या म्हणाली, "धर्माची गाय अन् दात का गं न्हाईत?"

बदलून आणा म्हणायची सोय नव्हती. आहेर परत केला की माणूस मांडवात पाय ठेवत नाही. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू काई बोलू नको माय. जमंल तसं जोड."

मुलाकडचे सहा जण बघायला आले. टेबलावर सगळं मांडलेलं, डब्यावर आईनं हळदकुंकू लावलेलं. मुलानं खिशातून गेमची फ्लॉपी काढली. मी बटण दाबलं. आतून नुसता पीं पीं आवाज, पडदा काळाठिक्कर. मुलाच्या वडिलांनी पानाचा तोबरा खिडकीतून आमच्या तुळशीपाशी थुंकला आणि म्हणाले, "बंद पडलेलं सामान गळ्यात बांधायलाव का आमच्या? आठ दिवस देतो. चालू झालं तर टिळा, न्हाई तर दोन पोरी पाहून ठेवल्यात आमी."

वडिलांनी हात जोडले. मामा आणि काका कॅलेंडर वाचत उभे राहिले. सगळी जबाबदारी आता माझ्यावर आली, जिला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि मी कामाला लागले. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात दोन दिवस सगळं ठप्प होतं, तरी गल्लीबोळांतून चालत सरांकडे गेले. काकाची मोठी पट्टी देऊन दोन लहान घेतल्या, अगदी सारख्या. आमचं नवं कार्ड सरांना दिलं आणि त्यांच्या जुन्या मशीनमधलं नऊ छिद्रांचं काढून आणलं. दाखवायला ठेवलेला मामाचा पडदा उजळला. कीबोर्ड काही केल्या अक्षर उमटवेना. तो उलटा केला तेव्हा पोटाशी एक बारीक खटका दिसला, जुन्या मशीनकडून नव्या मशीनकडे करायचा. नखानं सरकवला आणि पडद्यावर अक्षर आलं. मी एकटीच घरात ओरडले. इतकी खूश मी पुढे लग्नातही नव्हते.

आठव्या दिवशी पाहुणे परत आले. गेम सुरू झाला, रंगीत गाड्या पळायला लागल्या. मुलगा खुर्चीत बसला तो दीड तास हलला नाही. त्यानं मला काही विचारलं नाही, हे कुणी जोडलं तेही नाही. माझे वडील चिवड्याची बशी घेऊन त्याच्या मागे उभे. पडद्यावरची नजर न काढता तो हात मागे करायचा, आणि पन्नाशीचा माझा बाप वाकून बशी त्या हाताखाली धरायचा. तेलकट बोटं पुन्हा कीबोर्डवर. त्याच्या आईनं पडदा पदरानं पुसला आणि म्हणाली, "लेकरू कसं रमलंय!" त्याच्या वडिलांनी टिळ्याची तारीख तिथंच काढली.

काका आईला म्हणाला, "पोरीनं लाज राखली." सगळ्यांनी माझं कौतुक केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मी तेव्हा लाजून हसले.

क्लास कधी निघाला नाही. लग्नानंतर मला त्या मशीनला हात लावू दिला तो धूळ पुसण्यापुरता.

मी अनेकांची किळस केली, मामा, काका, सासरे, तो तेलकट हात. पण सगळ्यात जास्त किळस येते ती त्या आठ दिवसांतल्या माझी. "मला नाही हे जमत," एवढंच म्हणायचं होतं. कुणालाही संशय आला नसता. मुलीला जमलं नाही, यात त्या घरात कुणालाच काही नवल वाटलं नसतं.