तिसऱ्या रांगेतली डोळे मिटलेली बाई

वादकांवरचे सिनेमे मी इतके पाहिलेत की आता सुरुवातीच्या पाट्या संपायच्या आधीच पुढची गोष्ट सांगते आणि शेजारच्यांची बोलणी खाते. बाप वाद्य हिसकावून घेणार, पोरगा माळ्यावर बसून चोरून वाजवणार, मग नाव होणार, मग दारू, मग बायको बॅग घेऊन दारात उभी, आणि शेवटी भरलेलं सभागृह उठून टाळ्या वाजवणार. नट बिचारा गज असा ओढतो की व्हायोलिन वाजवतोय का फळी कापतोय कळत नाही. माणसं निरनिराळी, वाद्यं निरनिराळी, पण सगळ्यांना सदरा एकाच मापाचा. कुणाला होवो न होवो.

माहितीपट त्यापेक्षा बरे. निदान वाजवणारा खरा असतो. त्यातला सगळ्यात चांगला कोणता असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते उघडउघड पक्षपाती आहे, कारण त्या माहितीपटात माझी मावशी आहे.

तो आहे एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकावर. पांढऱ्या भुवयांचा, किडकिडीत माणूस. वाजवताना एक खांदा असा वर घ्यायचा की जणू कानाने टेलिफोन धरलाय. शेवटाकडे तो एक संथ तुकडा वाजवायला घेतो. कॅमेरा थोडा वेळ त्याच्या बोटांवर राहतो, मग त्याला सोडून प्रेक्षकांकडे वळतो आणि तिसऱ्या रांगेतल्या एका बाईवर येऊन थांबतो. तिचे डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, ओठ जरासे विलग. कॅमेरा तिथून हलतच नाही. तिथेच पुढचं वाजवणं कापून एकदम टाळ्या, आणि सिनेमा संपतो.

वादकांवरच्या उत्तम माहितीपटांबद्दल कुठेही काही छापून आलं की शेजारी त्या बाईचा फोटो असतोच. ऐकणं म्हणजे काय ते या चेहऱ्यावर वाचा, असं एका समीक्षकाने लिहिलं. दुसऱ्याने तर थेट समाधीच लावून दिली. एका संगीतशाळेच्या जिन्यात तो फोटो हातभर मोठा करून लावलाय, त्याखालून जाताना मुलं वाद्यांच्या पेट्या सांभाळत वर बघतात.

मावशी झोपली होती.

हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं. मावशी तेव्हा एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत होती. तळघरात. उजाडायच्या आधी कामावर हजर व्हायचं. चादरींची घडी दोघींनी मिळून घालायची. समोरासमोर उभं राहून टोकं ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं जोडायची, पुन्हा मागे जायचं. मावशी म्हणते, त्या तळघरात मी रोज दुसऱ्या गावाला जाऊन यायचे आणि पोचायचे मात्र कुठेच नाही. दुपारनंतर इस्त्री. वाफेने भिंतींना घाम यायचा, आणि घरी गेलं तरी केसांना खळीचा वास. घरात दात येणारं बाळ, म्हणजे माझी मावसबहीण. ती दिवसा झोपायची आणि अंधार पडला की तिला कंठ फुटायचा. मावशीच्या डोळ्यांखाली तेव्हा नुसती वर्तुळं नव्हती, चांगले खड्डे होते.

तो व्हायोलिनवादक त्याच हॉटेलात उतरला होता. त्याचा कार्यक्रमाचा सदरा इस्त्रीला खाली आला, पुढे बारीक चुण्या असलेला, म्हणजे इस्त्रीवालीच्या जिवाला घोर. मावशीने एकेक चुणी उभी केली. संध्याकाळी वरून दोन तिकिटं आली, तिसऱ्या रांगेतली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, खूश. बाळाला शेजारणीकडे ठेवलं, दोघं चांगले कपडे घालून गेले. मऊ खुर्ची, मंद दिवे, ऊबदार सभागृह, आणि मांडीवर रडणारं कुणी नाही. पुढचं सांगायला हवं का?

काकांनी चिमटा काढला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

सिनेमा आला, गाजला, आणि हॉटेलच्या मॅनेजरने पडद्यावर मावशीला ओळखलं. तेव्हापासून ही ब्याद मागे लागली. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, कुणी ना कुणी विचारणारच, “तुम्हीच ना त्या? काय वाटलं हो त्या वेळी?” मावशी म्हणायची, “छान वाटलं.” त्यात खोटं काही नव्हतं. तशी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. पण लोक हात जोडल्यासारखे बघायचे आणि मावशी कानकोंडी होऊन भाजी न घेताच घरी यायची. आम्ही भाचरं तर तिला ‘समाधीमावशी’ म्हणायचो. ती लाटणं दाखवायची.

गेल्या वर्षी जुनी फिल्म धुऊनपुसून नवी केली आणि त्याच सभागृहात दुपारचा खेळ ठरला. मावशीला आमंत्रण आलं. सिनेमा संपल्यावर व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलायचे, त्या क्षणी काय अनुभवलं ते सांगायचं. व्हायोलिनवादक केव्हाच गेले होते, पण त्यांची मुलगी खास येणार होती, पहिल्या रांगेत.

मावशीला जेवण जाईना. आजवर ‘छान वाटलं’वर निभावलं होतं. माईकसमोर ते पुरणार नव्हतं.

“यात एवढं काय?” काका म्हणाले. “डोळे मिटून ऐकत होते, म्हण. डोळे मिटलेले होतेच. पुढचं कोण तपासायला येतंय?”

“त्यांची लेक समोर बसणार, अहो. तिच्या तोंडावर तिच्या बापाबद्दल खोटं बोलू?”

“मग खरं सांग.”

“काय सांगू? तुझा बाप जीव ओतून वाजवत होता आणि मी घोरत पडले होते?”

“घोरत नव्हतीस,” काका न्याय केल्यासारखे म्हणाले. “घोरायच्या बेतात होतीस. म्हणून तर चिमटा काढला.”

मी म्हटलं, मावशी, आजारी आहे म्हणून कळव आणि मोकळी हो. त्यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्याने तिची साडी कोणती ते विचारलं. तिला खरी भीती हशाची नव्हती. ज्या माणसाने इस्त्रीवालीची आठवण ठेवून तिकिटं पाठवली, त्याचा सगळ्यांदेखत अपमान आपल्या तोंडून होणार, याची होती. आणि न बोलावं तर उरलेलं आयुष्य त्या जिन्यातल्या फोटोसारखं काढायचं. मला तिची दया आली आणि, खरं सांगते, थोडं हसूही आलं.

सभागृह गच्च भरलं होतं. मोठ्या पडद्यावर तरुण मावशी आली तेव्हा आजूबाजूला लोकांनी श्वास रोखले. माझ्या शेजारची म्हातारी मावशी ओढणी चाचपावी तसा पदर चाचपत होती. दिवे लागले, टाळ्या झाल्या, आणि निवेदकाने तिला हात धरून वर नेलं. त्याने ‘तल्लीनता’ हा शब्द दोनदा वापरला. मग माईक तिच्या हातात दिला.

“मी लॉन्ड्रीत होते,” मावशी म्हणाली. “पहाटेपासून उभी. घरी तान्हं बाळ. सगळे विचारतात, त्या वेळी काय वाटलं. मी आजपर्यंत नीट सांगितलं नाही.” काका खुर्चीत पुढे सरकले. “त्यांचा सूर लागला आणि माझा डोळा लागला.”

क्षणभर कुणालाच काही उमगेना. लोकांना ती काही अलंकारिक बोलली असं वाटलं असावं, कारण दोघातिघांनी ‘वा’ म्हटलं.

“वा नाही,” मावशी म्हणाली. “झोपले. खरोखर झोपले. यांनी चिमटा काढला तेव्हा जागी झाले.”

मग जो हशा उठला तो मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. निवेदक कागद उलटेपालटे करू लागला. मावशी मात्र हसत नव्हती.

“हसा हो, पण मला लाज वाटते. माझा फोटो तुम्ही भिंतीवर लावला आणि मी तर ऐकलंच नाही. सुरुवात ऐकली, मग एकदम टाळ्याच. ताई, तुमच्या वडिलांनी मला बोलावलं आणि मी असं केलं. मला माफ करा.”

पहिल्या रांगेतली पांढऱ्या केसांची बाई उठली. भुवया बापाच्याच. हशा बसला. कुणीतरी तिला दुसरा माईक दिला.

“तो तुकडा बाबांनी माझ्यासाठी बांधला,” ती म्हणाली. “मी झोपत नव्हते म्हणून. रोज वाजवायचे आणि मी पलंगावर उभी राहून ‘आणखी’ म्हणायचे. शेवटी कंटाळले आणि कार्यक्रमात वाजवायला लागले. लोक टाळ्या द्यायचे, रडायचेसुद्धा. बाबा घरी येऊन चिडचिड करायचे. म्हणायचे, सगळे टक्क जागे, हा तुकडा काही जमला नाही मला. इथल्या कार्यक्रमानंतर मात्र आले ते नाचतच. बूटसुद्धा काढले नाहीत. आईला म्हणाले, ‘अगं, तिसऱ्या रांगेत एक बाई झोपली. गाढ. जमला!’”

सभागृहात काय हलकल्लोळ उडाला ते मला लिहिता येत नाही. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. निवेदकाने चष्मा काढून डोळे पुसले. काका आजूबाजूच्यांना ‘आमची मंडळी’ म्हणून सांगत सुटले होते. मावशी वर तशीच उभी, माईक हातात, तोंड उघडं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याचा फोटो कुणी काढायला हवा होता.

“मग त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं नाही?” निवेदकाने विचारलं.

“नाही. म्हणायचे, तो इतका खूश आहे, कशाला त्याचा विरस करा.”

खेळ सुटल्यावर गर्दीने मावशीला घेरलं. सह्या दिल्या, फोटो झाले, आणि मग तिने गर्दीतून वाट काढत त्या मुलीला गाठलं. कोट टांगायच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता, त्यावर दोघी बसल्या. मी पर्स सांभाळत बाजूला उभी.

“एक विचारू?” मावशी म्हणाली. “सिनेमातही माझ्या तोंडावर आल्यावर पुढचं वाजवणं कापलंय. मी डोळे मिटल्यावर पुढे काय वाजवलं त्यांनी? मला कधीच कळलं नाही.”

त्या मुलीने मावशीचा हात धरला आणि गुणगुणायला लागली. आवाज म्हातारा, मध्येच चिरकणारा. आत लोक कोट मागत होते, हँगर खणखणत होते. मावशी बाकाच्या कडेवर ताठ बसली होती, डोळे इतके मोठे करून की पापणी लवत नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तिने ते पुसलं नाही.

संपल्यावर मावशी म्हणाली, “किती सुंदर आहे हो. त्या दिवशी जागं राहायला हवं होतं मी.”

“छे,” ती मुलगी म्हणाली. “जाग्या लोकांचं काय, ते बाबांना रोजच मिळायचे.”